ओझरचा प्रसाद, मुक्काम मढ

चंपालालजींनी उभ्या हयातीत इतक्या थापा मारल्या होत्या, की त्यांतल्या काही जुन्नरच्या पेठेत आता इतिहास म्हणून खपत होत्या. सौदागर घुमट बघायला येणाऱ्या पाहुण्यांना गावातली शहाणी माणसं एक भुयाराची गोष्ट सांगत. ती मुळात चंपालालजींनी एका रिकाम्या दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून, माश्या मारता मारता रचलेली. पुढे कुणी ती त्यांनाच ऐकवू लागलं, की ते डोळे मोठे करून म्हणत, "काय सांगता राव! आमाला म्हाईतच नव्हतं."

थाप म्हणजे लोणचं, असं त्यांचं मत. मुरू द्यावी, बरणी हलवू नये.

पण सगळ्यांत जुनी, सगळ्यांत मुरलेली थाप आज सकाळी ओझरच्या देवळाबाहेर बरणीचं झाकण उडवून बाहेर पडायच्या बेतात होती.

"हा न्हवं," जीजी म्हणाली.

गाडीच्या पुढच्या सीटवर, दार सताड उघडं टाकून, पाय बाहेर सोडून ती बसली होती. जीजी म्हणजे कस्तुरबाई, चंपालालजींची थोरली बहीण. लग्न होऊन जुन्नरहून हुबळीला गेली, त्यानंतर माहेरी आली ती लग्नाकार्याला आणि सुतकाला. तिच्यासमोर तिचा नातू संयम हातात द्रोण घेऊन उभा होता. पेढा झाला, खोबऱ्याची वडी झाली, बुंदीचा लाडू झाला, राजगिऱ्याची चिक्कीसुद्धा झाली. जीजी प्रत्येकातला कण जिभेवर ठेवी, डोळे मिटी आणि मान हलवी.

"दादी, नीट चाखून बघ की. देवळाम्होरचं सगळ्यांत जुनं दुकान हाय हे."

"दुकान आसंल जुनं. प्रसाद न्हवं."

संयमचं मराठी ऐकून आजूबाजूची माणसं वळून बघत होती. पोरगा इस्त्रीचा शर्ट घातलेला, कानात ते पांढरं बोंडूक, हुबळीच्या औषधी कंपनीत खरेदीचा साहेब. आणि तोंड उघडलं की आठवडेबाजारातला जुना गाडीवान. त्याला मराठी शिकवलं आजीनं, आणि आजीचं मराठी ती सासरी गेली त्या वर्षीच बंद पेटीत गेलेलं. तेच तिनं जसंच्या तसं, डांबराच्या गोळीच्या वासासकट, नातवाला घातलं होतं. उलट चंपालालजींची नात सिद्धी, जिचा जन्म जुन्नरचा, ती पुण्यात कॉलेज करून आल्यापासून बातम्या दिल्यासारखी बोलत असे. गाडी तीच चालवत होती.

संयम आला होता हिरड्यासाठी. पश्चिमेकडच्या डोंगरातला बाळहिरडा आता फाल्गुनात निघू लागतो. कंपनीसाठी माल बघायचा, मढच्या खळ्यावर जायचं, चंपालालजींच्या दुकानाशी बोलणं करायचं. पण निघायच्या आदल्या दिवशी आजी म्हणाली, मला पण ने. का? तर ओझरचा प्रसाद खायचाय. एकदाच.

त्या 'एकदाच'ला कारण होतं. येत्या पंधरवड्यात जीजी जैनांच्या वर्षीतपाला बसणार होती. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं वर्षाहून जास्त. या वयात. डॉक्टर नको म्हणाले, महाराजसाहेबांनीही दोनदा विचारलं, ती हटली नाही. त्यातच दोन दिवसांवर फाल्गुनी चौमासी, म्हणजे खाण्याचे नेम बदलायची तिथी, आलेली. ती लागली की घरात तीळ बंद. आणि तीळ नाही तर जीजीचा तो प्रसादही नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते आज.

दुकानदार सावळेराम गल्ला सोडून गाडीपाशी आला. "आजी, कसा व्हता तुमचा प्रसाद? सांगा तरी."

जीजीनं डोळे मिटले. "बाहेरनं पिवळाधमक. आतनं काळसर. काप आसा की आर्धा चंद्र. तिखट. आन् तिळाचा वास आसा सुटायचा की घरात लपवायची सोय न्हाई."

"तिखट?" सावळेराम हसला. "आवं आजी, हा मोदकाचा देव हाय. तिखट पायजे तर म्हसोबाला जावा. गणपतीच्या देवळात तिखट... थांबा थांबा. बाहेरनं पिवळी, आत तीळ... आवं, ही तर मास—"

चंपालालजींना ठसका लागला.

साधा ठसका नव्हे. कमरेत वाकून, डोळ्यांत पाणी आणून, एका हातानं सावळेरामाचा खांदा धरून आणि दुसऱ्यानं त्याचं तोंड जवळजवळ झाकून लागलेला ठसका. सावळेराम घाबरून पाणी आणायला धावला. संयमनं पाठ चोळली. जीजी मात्र गाडीतून शांतपणे भावाकडे बघत राहिली.

"लहानपणापासनं याला आसाच ठसका लागतो," ती म्हणाली. "बाबूजींनी काय इचारलं की."

सिद्धीनं आजोबांना दंडाला धरून दुकानामागे नेलं.

"दादाजी, पुरे. खोकला थांबवा. मासवडी आहे ना ती?"

चंपालालजी ताबडतोब बरे झाले. "हळू बोल की गं!"

"अख्ख्या जुन्नर तालुक्याला माहीत आहे मासवडी. बेसनाची वडी, आत तीळ-खोबरं. भुवाजी तिला ओझरचा प्रसाद का म्हणतात?"

आता नातीपुढे थाप चालणार नव्हती. ती त्यांच्याच तालमीतली. चंपालालजींनी इकडेतिकडे बघितलं आणि सांगून टाकलं.

बाबूजींच्या, म्हणजे वडिलांच्या, हिरड्याच्या खळ्यावर भागुजी कामाला होता. दुपारी तो फडकं सोडून भाकरी खायचा आणि लहानगा चंपू समोर जाऊन उकिडवा बसायचा. एकदा भाकरीबरोबर मासवडी होती. चंपूनं खाल्ली आणि त्या दिवशी त्याला जगात देव असल्याची खात्री पटली. दोन काप त्यानं पळसाच्या पानात बांधून जीजीसाठी घरी नेले. पण भागुजीची मंडळी नुकतीच बौद्ध झालेली, आणि बाबूजींच्या घरात त्यांच्या हातचं पाणीसुद्धा चालत नव्हतं. वर त्या पदार्थाचं नाव काय, तर मासवडी. जैनाच्या घरात 'मास' म्हणायचं तरी कसं? बाबूजींनी दारातच विचारलं, "हातात काय?" चंपूला ठसका लागला. ठसका संपेपर्यंत थाप तयार होती. "ओझरचा प्रसाद. गेणभाऊ गाडीवाल्यानं आणला."

"मग?"

"मग काय! बाबूजींनी डोळ्याला लावून खाल्ला."

सिद्धीनं तोंडावर हात ठेवला.

"वर म्हणाले, देव जागृत हाय. पुढच्या चतुर्थीला पुन्हा आणायला सांग. तवापासनं दर चतुर्थीला भागुजीच्या घरनं आमच्या घरी गणपती येत व्हता. जीजीचं लग्न होईस्तवर."

"मग आज भुवाजींना खरं सांगून टाका की."

चंपालालजींनी कोपऱ्यावरून गाडीतल्या जीजीकडे बघितलं. असं, की सिद्धीला वाटलं, आता खरोखरच ठसका लागणार.

"ती वर्षभराच्या उपासाला बसती," ते म्हणाले, "आन् बसायच्या आधी शेवटची चव म्हणून काय मागती? प्रसाद मागती. तिच्या जिभेवर तो गणपतीच्या नावानं बसलाय पोरी. मी आज सांगू, की जीजी, तो गणपती नव्हता, भागुजीची चूल व्हती? माझ्या लेखी ती चूलच देव. पण ती हुबळीच्या सोवळ्या घरात म्हातारी झाली. तिला काय वाटंल, मला काय ठाव? हातातला घास खाली ठेवला तिनं तर?"

"तर?"

"तर आमचं दोघांचं लहानपण मी खोटं पाडलं आसं व्हईल."

सिद्धीनं चष्मा पुसला, म्हणजे पक्ष बदलला. "बेत काय?"

बेत झालेला होता. भागुजीची मुलगी बायडाबाई जीजीच्या बरोबरीची. लग्न होऊन मढला गेली, आणि आता तिचा मुलगा राकेश माळशेजच्या रस्त्याला हॉटेल चालवत होता. मढच्या खळ्यावरचं काम उरकायचं, चहाला म्हणून तिथं थांबायचं, बायडाबाई बिनलसणाची मासवडी करून ठेवणार, आणि चंपालालजी म्हणणार, गेणभाऊच्या नातवानं आत्ताच ओझरहून प्रसाद पाठवला.

"आणि हॉटेलचा बोर्ड? त्यावर हातभर अक्षरात मासवडी लिहिलंय."

"राकेशला झाकायला सांगितलंय. मी काय आज थापा मारतोय व्हय?"

ओझर सोडलं. ओतूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला काळ्या द्राक्षांच्या पेट्या मांडल्या होत्या. संयमनं दोन घड घेतले, धुतले, आजीला एकेक मणी देत राहिला. पोटात द्राक्षं गेली तसा तो खुलला. सकाळी शिवनेरी खालूनच पाहिला होता, लेण्याद्रीच्या पायऱ्या आजीला झेपणार नव्हत्या, म्हणून आता गाडीतूनच जेवढं दिसेल तेवढं त्याला बघायचं होतं. डिंगोरे मागे पडलं तसं त्यानं डोंगरातल्या एका खिंडीकडे बोट केलं.

"मामादादा, नाणेघाट तिकडंच ना? गुगल म्हणतंय तिथं दगडी रांजण हाय. जकातीचा."

"रांजण हाय. पण तो आपल्या घराण्याचा हाय हे गुगलला म्हाईत नसंल."

"सुरू झालं," सिद्धी पुटपुटली.

"आपले पणजोबा मारवाडातनं उंट घेऊन आले," चंपालालजींनी बैठक मारली. "कोकणातनं घाट चढले. उंट तहानेला. वर बघतो तर रांजण. त्यानं घातली मान आत. मान गेली, निघंना. आता काय करायचं? रांजण राजाचा, फोडता येत न्हाई. उंट आपला, आन् आपण जैन, त्याला इजा करता येत न्हाई. मग पणजोबांनी ठरवलं, उंट वाळेस्तवर थांबायचं. वाळला की मान निघंल. आसं म्हणून जुन्नरला खोली घेतली."

"मग?"

"मग काय! जुन्नरचं खाणं. उंट वाळायच्या ऐवजी भरतच गेला. इकडं पणजोबांचं दुकान चालू झालं, लग्न झालं, पोरं झाली. त्या उंटापायी आपण जुन्नरकर."

संयमनं फोन खाली ठेवला. तो खरेदीचा माणूस. दाखल्यातली गफलत त्याला लगेच दिसे. "पण मामादादा, मान रांजणात आसताना उंट खात कसा व्हता?"

पुढच्या सीटवरून जीजीचा आवाज आला. "मी पण हेच इचारलं व्हतं. तवा म्हणाला, येणारा-जाणारा जकात म्हणून रांजणात पेंढी टाकायचा."

"बघ!" चंपालालजी म्हणाले. "साक्षीदार हाय."

"साक्षीदार न्हाई रे," जीजी म्हणाली. "तू सांगताना मजा येती, म्हणून मी इचारायची."

पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं. जीजी त्याकडे बघत राहिली आणि चंपालालजींच्या मनात उगाच काहीतरी टोचून गेलं. पण मढ आलं.

खळ्यावर हिरडा पसरलेला होता. संयमनं फळं फोडली, वास घेतला, ओलावा बघितला, प्रश्न विचारले. इथे तो पक्का होता, चंपालालजींनाही मान्य करावं लागलं. तोवर जीजीनं वाकून एक बाळहिरडा उचलला, पदराला पुसला आणि लहानपणीसारखा गालात धरला.

"जीजी, तुरट लागंल."

"लागू दे. वरनं पाणी पेलं की साखर."

माल पसंत पडला. सगळे गाडीत बसले, गाडी वळणावर आली, आणि चंपालालजींनी कपाळावर हात मारला.

'हॉटेल रत्ना' समोर होतं. राकेशनं बोर्ड झाकला होता. इमानदारीनं झाकला होता. फक्त ताडपत्री लहान पडली होती, म्हणून त्यानं एका बाजूनं बांधत आणली होती. वरच्या ओळीतलं बायकोचं नाव तसंच राहिलं होतं, खालच्या ओळीतलं 'वडी' झाकलं गेलं होतं, आणि उरलेली लाल, हातभर अक्षरं साऱ्या माळशेज रस्त्याला ओरडून सांगत होती: 'स्पेशल मास'.

"गाडी थांबवू नको," संयम म्हणाला.

"अरे चहा—"

"मामादादा, बोर्ड वाचा! मास! ते पण स्पेशल! दादी, तू खिडकी लाव."

सिद्धीनं गाडी थांबवली तोवर राकेश हसतमुखानं पुढे आलाच होता. "जय भीम शेठ! झाकला बघा बोर्ड, तुमी सांगितला तसा!"

"जय भीम, जय जिनेंद्र आन् तुजी कमाल," चंपालालजी दातांत म्हणाले. "शहाण्या, नको ते झाकलंस आन् झाकायचं ते ठेवलंस!"

"तुमी सांगितला झाकायला?" संयमनं मामादादांकडे असं बघितलं, की चंपालालजींना पुन्हा ठसक्याची आठवण झाली. "म्हणजे तुमाला म्हाईत व्हतं हितं काय मिळतं? दादी उपासाला बसणार, आन् तिला तुमी हितं आणलं?"

"संयम, ऐक," सिद्धी मध्ये पडली. "तसं नाहीये. वडी आहे ती. नाव फक्त—"

"नावात मास आसंल तर वडीत काय आसंल?"

या प्रश्नावर तालुक्यातल्या कुठल्याही पोरानं उत्तर दिलं असतं. पण सिद्धीचं उत्तर हसण्यात अडकलं आणि चंपालालजींचं भीतीत. तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज झाला. जीजी खाली उतरली होती. कुणाचा हात न धरता ती हॉटेलच्या पायरीकडे निघाली होती, कारण दारात एक वाळकी, ताठ, पांढऱ्या केसांची म्हातारी पदराला हात पुसत उभी होती.

"कस्तुरे," ती म्हातारी म्हणाली. "म्हातारी झालीस गं."

"तू काय तरणी हायेस व्हय, बायडे?"

आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले ते सोडलेच नाहीत. बायडाबाई तिला तशीच आत घेऊन गेली.

संयम मागोमाग धावला. आत टेबलावर थाळी तयार होती. बाजरीची भाकरी, वाटीत लालभडक आमटी, आणि मधोमध कापलेली वडी; बाहेरून पिवळी, आतून काळसर, अर्ध्या चंद्रासारखी. तिळाचा वास सगळ्या हॉटेलात भरला होता. चंपालालजींनी घसा खाकरला. अजून वेळ होती. "जीजी, गेणभाऊच्या नातवानं आत्ताच ओझरहून—"

त्यांचं कुणी ऐकलं नाही. कारण संयमनं उलटतपासणी चालू केली होती.

"आजी, माफ करा, पण मला इचारायला लागंल. यात मास हाय?"

"नाय बाबा. नुसतं नाव. बेसन हाय."

"कांदा?"

"नाय."

"लसूण? आमटीत पण?"

"नाय. दोन्हीत नाय."

"आलं? खसखस?"

"आलं जमिनीतलं, ते कशाला घालंन? आन् खसखस पण नाय. हिला चालत नाय ना. तवापासनं हिच्यासाठी आमच्यात बिनखसखशीचीच करत्यात."

संयमचं समाधान झालं होतं. पण चंपालालजींच्या हातातला पाण्याचा तांब्या हवेतच राहिला.

"तवापासनं म्हंजी कवापासनं?"

बायडाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. मग जीजीकडे. जीजी थाळीकडे बघत होती आणि तिच्या गालात, जिथं हिरडा होता तिथं, हसू लपलेलं होतं.

"चंपू," बायडाबाई म्हणाली, "आमच्या घरात बिनलसणाची मासवडी कुणी खाल्ली व्हती का रं? भागुजीच्या पोरीला लसणाबिगर घास उतरंना. मग दर चतुर्थीला तुज्या पानात बांधलेली वडी बिनलसणाची कशी काय आसायची? गणपती काय लसूण येचून काढीत व्हता?"

चंपालालजींनी हा प्रश्न स्वतःला कधीच विचारला नव्हता. ज्याची थाप असते त्याला ती तपासायची सवय नसते.

"पयल्या वक्ती तू आणली, ती लसणाची व्हती," जीजी म्हणाली. "बाबूजींना तवा पडसं व्हतं, त्यांनी डोळ्याला लावली, मला वासावरनं कळलं हा देव कोणता. दुसऱ्या दिवशी कुकडी नदीवर बायडीला गाठली. म्हणलं, चंपू मार खाईल. आईला सांग, लसूण घालू नको, खसखस घालू नको."

"आन् तीळ-खोबरं कुठनं येत व्हतं?" बायडाबाई म्हणाली. "तुमच्याच दुकानातलं. ही वटीत घालून आणायची. हिला बापाचं भ्या, मला आईचं. तुला वाटायचं, तूच एकटा लबाड."

सिद्धी बाकावर बसून पोट धरून हसत होती. संयमला अर्धं कळलं होतं. "मंजे... ओझरचा प्रसाद..."

"हाच," जीजी म्हणाली.

"मग दादी, सकाळपासनं मला ओझरला पेढे कशाला चाखवलेस?"

"मी कुठं चाखवले? तूच आणत व्हतास. मी खरं तेच सांगत व्हते, हा न्हवं."

चंपालालजी खाली बसले. "जीजी, तुला म्हाईत व्हतं तर सरळ म्हणायचं ना, बायडाकडं जायचंय."

जीजीनं वडीचा एक काप उचलला, हातात फिरवला.

"हुबळीच्या घरात देवाचं नाव घेतलं की गाडी निघती, चंपू. मैत्रिणीचं घेतलं की चौकशी निघती. कोण बायडा? कुठली? कुणाची? इतकी वर्षं मी ओझर ओझर म्हणत आले, ते हिच्याच नावानं. सकाळी वाटलं, आता तरी तू सांगशील. तर तुला ठसका लागला."

"आमच्या घरचं तुज्या बापानं पाणी पेलं नाय," बायडाबाई हळूच म्हणाली. रागानं नाही, पण हसूनही नाही. "वडी मात्र डोळ्याला लावून खाल्ली. आई म्हणायची, बायडे, आपल्या हाताला चव हाय, नाव तेवढं गणपतीचं."

राकेश उगाच टेबल पुसू लागला. चंपालालजींना आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट सुचेना.

मग जीजीनं तो काप तोंडात घातला. डोळे मिटले. सगळे बघत राहिले. संयम तर श्वास धरून.

"हा," ती म्हणाली.

एवढंच. आणि भाकरी मोडली. मग मात्र कुणी कुणाची वाट बघितली नाही. संयमनं आधी चोरासारखा एक तुकडा खाल्ला, मग साहेबासारखा दुसरा, मग आठवडेबाजारातल्या गाडीवानासारखी भाकरी आमटीत कुस्करली. बायडाबाई वाढत होती, जीजीच्या ताटात दोनदा आणि चंपालालजींच्या ताटात जरा हात आखडून.

हात धुताना संयमचा फोन वाजला. त्याची बायको टीना. "मिळाला का दादींना प्रसाद? सगळे इथंच बसलेत, स्पीकरवर टाकलाय."

संयमला खोटं येत नसे. त्यानं सरळ सांगितलं. "ओझरला न्हाई मिळाला. मढला मिळाला, हॉटेलात. त्याचं नाव मासवडी. पण त्यात मास न्हाई. ती बायडाआजी करतात, दादीची मैत्रीण. पयल्यापासनं प्रसाद हाच व्हता. दादीच्या बाबूजींनी डोळ्याला लावून खाल्ला व्हता. बोर्डावर मास व्हतं, कारण वडी ताडपत्रीखाली व्हती."

हुबळीहून असा हशा उसळला, की फोन हातात थरथरला. "पप्पा, ऐकलंत? एका दिवसात ह्याला मामादादांचा गुण लागला!" "अरे, मगाशी पाठवलेली उंटाची गोष्ट तरी पटण्यासारखी होती!"

"खरंच सांगतोय—"

हशा वाढला.

चंपालालजींना पोराची दया आली. आपण आयुष्यभर खोटं सांगितलं, लोकांनी मान डोलावली. ह्यानं सगळं खरं सांगितलं तर ही गत. खरं सांगायलासुद्धा अंगात कसब लागतं. ते काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर बायडाबाईवर गेली. ताटं उचलता उचलता ती थांबली होती. फोनकडे बघत होती. पलीकडचे तिच्या नावाला हसत होते.

जीजीनंही ते बघितलं. तिनं ओला हात पदराला पुसला आणि नातवाच्या हातातून फोन घेतला.

"टीना. हसणं झालं?"

"हो दादी," टीना म्हणाली.

"कागद घे. वर नाव लिही. बायडाबाईची मासवडी. हां, मास. मग वडी. आता दुसरं ऐक. माज्या पारण्याला, पुढल्या सालच्या अक्षय तृतीयेला, ही बायडा हुबळीला येणार. उसाचा रस मला तीच पाजणार."

"दादी, पारण्याचा रस तर घरातलं माणूस..."

"म्हणून तर."

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. मग टीनाचा आवाज आला, आता स्पीकर बंद करून, जवळून. "दादी... बेसन किती घ्यायचं?"

"ते मला इचारू नको," जीजी म्हणाली आणि फोन बायडाबाईच्या हातात दिला.

बायडाबाईनं तो दोन्ही हातांनी धरला, कानापासून वीतभर लांब, आणि ओरडून सांगायला सुरुवात केली. "पोरी, आधी तीळ भाज! नीट भाज, करपवू नको!"

चंपालालजी बाहेर आले. उन्हात बोर्ड उभा होता. दोरीची गाठ त्यांच्यानं सुटेना, तेव्हा त्यांनी ताडपत्री खसकन ओढली आणि 'वडी' उघडी पडली.

तेवढ्यात मुंबईच्या नंबरची एक गाडी थांबली. काच खाली झाली. "काका, हे मासवडी म्हणजे काय? मास असतं का त्यात?"

चंपालालजींचं तोंड उघडलं. जिभेवर सतराशे साठ गोष्टी आल्या. आतून बायडाबाईचा आवाज येत होता: खोबरं किस, पाणी उकळू दे, घाई करू नको.

"नाय," ते म्हणाले. "बेसनाची वडी. आत तीळ आन् खोबरं. भागुजीची पोरगी बायडाबाई, तिच्या हातची."

"एवढंच?" पाहुण्याचा जरा हिरमोड झाला.

"एवढंच."

पाहुणा उतरला, आत जायला वळला. चंपालालजींनी स्वतःला आवरून धरलं. अगदी पायरीपर्यंत आवरून धरलं.

"पावणं," त्यांनी मागून हाक मारली. "नाणेघाट बघून आला का? तिथला रांजण पायला?"